कळसूबाई, १५ डिसेंबर: दोन जावांच्या अकरा आठवड्यांच्या तयारीच्या नोंदी

रविवार, २९ सप्टेंबर २०२४

मी ४९ वर्षांची, पतसंस्थेत दिवसभर खुर्चीवर बसून काम. मोठ्या जाऊबाई ५६ वर्षांच्या. त्यांना मी ताई म्हणते. ताईंचं माहेर अकोले तालुक्यातलं. त्यांची आई रोज अंगणातून कळसूबाईच्या दिशेने हात जोडायची, पण वर कधी गेली नाही. गेल्या वर्षी ती वारली. तेव्हापासून ताईंच्या मनात आहे की आईच्या नावाने देवीची ओटी भरायची, आणि ती स्वतः चढून जाऊन. आज जेवताना त्या म्हणाल्या, "तू येणार असशील तर मी निघते, नाहीतर राहू दे." मी हो म्हटलं.

शिखर १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यांत उंच. पायथ्याच्या बारी गावातून चढायचं. घरात आम्हा दोघींशिवाय कुणी डोंगर चढणारं नाही, म्हणून आयोजकांच्या गटाबरोबर एका दिवसात जाऊन यायचं ठरवलं. आमच्या वयाच्या, सवय नसलेल्या बायकांना पुण्यात राहून काय करता येतं ते कुणाच्या उपयोगी पडावं, म्हणून या नोंदी.

आज संध्याकाळी पर्वती चढून पाहिली. १०३ पायऱ्या. तीन वेळा वर, तीन वेळा खाली. धाप लागली, पण जमलं. घरी आल्यावर वाटलं, बरं आहे की.

मंगळवार, १ ऑक्टोबर

बरं नाही. काल थोडं दुखत होतं, आज मांड्या पुढून इतक्या धरल्यात की पतसंस्थेचा जिना कठडा धरून, एक पाऊल टेकवून दुसरं त्याच पायरीवर आणत उतरले. चढताना काहीच होत नाही, उतरताना पाय थरथरतो. ताईंचंही तेच.

ही नोंद मी सगळ्यांत महत्त्वाची मानते. दुखतंय ते चढल्यामुळे नाही, उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, ब्रेकसारखा. रोजच्या आयुष्यात हे काम त्याला पडतच नाही, कारण आपण जिने चढायचं टाळतो आणि उतरायला लिफ्ट वापरतो. त्यामुळे तयारीचा निम्मा वेळ उताराला द्यायचा, असं आजच ठरवलं. पतसंस्था तिसऱ्या मजल्यावर आहे. उद्यापासून लिफ्ट बंद, विशेषतः खाली येताना.

गुरुवार, १० ऑक्टोबर

नवरात्र चालू आहे. ताईंना खरं तर नवरात्रातच जायचं होतं. पण या दिवसांत वर यात्रा असते, वाटेवरच्या लोखंडी शिड्यांपाशी माणसांची दाटी होते आणि आमची तयारी शून्य. ताईंनी ऐकलं. त्यांना ते जड गेलं, हे मला दिसलं.

आज घाईत एका आयोजकाकडे २४ नोव्हेंबरचं बुकिंग केलं. माणशी ५०० आगाऊ.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ते बुकिंग रद्द केलं. १,००० रुपये गेले. चूक माझी, कारण प्रश्न आधी विचारायचे होते ते मी पैसे भरल्यावर विचारले. किती माणसं? "एक बस, पन्नासच्या आसपास." वाटाडे किती? "दोन, काळजी करू नका." सगळ्यांच्या मागे कोण चालतं? उत्तर नाही. एखादी व्यक्ती अर्ध्यातून परत फिरली तर तिच्याबरोबर कोण येतं? "तसं कधी होत नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून मी थांबले. ५६ वर्षांच्या बाईला घेऊन जायचं आहे, तसं होऊ शकतं.

दुसऱ्या गटाला हेच प्रश्न फोनवर विचारले. २४ माणसं, तीन लीडर, त्यातला एक कायम शेवटच्या माणसाच्या मागे. कुणी परत फिरलं तर एक लीडर त्याच्याबरोबर उतरतो. गावातला एक वाटाड्याही बरोबर असतो. प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे, जवळचा दवाखाना कुठे, हेही त्यांनी विचारायच्या आधी सांगितलं. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. तुमची आहे का, असंही विचारलं. राग न येता त्यांनी कागद पाठवला. माणशी १,५००, त्यात प्रवास, नाष्टा आणि गावातल्या घरचं जेवण. तारीख १५ डिसेंबर. तीन आठवडे जास्त मिळाले ते पुढे फार उपयोगी पडले.

त्यांच्या फॉर्ममध्ये आजार आणि गोळ्यांचा रकाना होता. ताई रक्तदाबाची गोळी घेतात, ते लिहायला त्या तयार नव्हत्या. "नाही म्हणतील गं." मी म्हटलं, "ताई, वर काही झालं तर त्या मुलांना कळायला नको का?" लिहिलं. ते नाही म्हणाले नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून दिली.

रविवार, २० ऑक्टोबर

दोन आठवडे वेताळ टेकडी आणि तळजाई केली. आठवड्यात तीन दिवस, सकाळी सव्वा तास. चालण्याचा वेग कसा धरायचा ते इथे कळलं. ताईंशी बोलता येईल इतकाच वेग. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला की हळू व्हायचं, पण थांबायचं नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही भरभर चढून पाच-पाच मिनिटं थांबत होतो, त्यापेक्षा असं एकसंध चालल्यावर एकूण वेळही कमी लागला.

आज पहिल्यांदा सिंहगड. पायथ्याच्या आतकरवाडीतून सव्वासहाला निघालो, वर पुणे दरवाज्यात ८ वाजून २० मिनिटांनी. दोन तास पाच मिनिटं. शाळेतली मुलं आमच्या शेजारून पळत गेली.

अर्ध्या वाटेवर मला मळमळायला लागलं. उन्हाने असेल असं वाटलं, ऑक्टोबर आहे. वर बसल्यावर ताईंनी माझी बाटली हातात घेतली आणि पाकीट वाचलं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. मी ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं होतं. दुप्पट घट्ट मिठाचं पाणी पीत होते, तहान वाढत होती आणि मी आणखी पीत होते. छोटं पाकीट २०० मिलिलिटरचं येतं, तेही अंदाजाने टाकायचं नाही. आता बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे.

वर मडक्यातलं दही खाल्लं आणि दीड तासात उतरलो.

रविवार, २७ ऑक्टोबर

आजचा दिवस वाया गेला, पण आज गेला म्हणून डिसेंबर वाचला.

सात वर्षांपूर्वी हिमाचलच्या सहलीसाठी घेतलेले बूट माळ्यावर खोक्यात होते. दोनदाच घातलेले, वरून कोरे. सिंहगडावर चढताना छान वाटले. उतरताना, खालच्या तिसऱ्या टप्प्यावर, उजवा पाय टेकला आणि काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. चार पावलांनी तळ पुढून उघडला, जबड्यासारखा. बसून पाहिलं तर तळव्याचा मधला थर बोटाने कुस्करला जात होता. ओल्या बिस्किटाचा होतो तसा भुगा, करडा, हाताला चिकटणारा. शिवण नीट, चामडं नीट, लेस नवी. आत मात्र काही शिल्लक नाही. दहा मिनिटांनी डावाही गेला.

ताईंनी ओढणीची कड फाडून दोन पट्ट्या केल्या आणि तळ पावलाला बांधला. तशी दीड तास खाली आले. दर वीस-पंचवीस पावलांनी पट्टी सरकायची.

मोचीकाकांनी सांगितलं की अशा बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो, आणि वापरात नसला तर लवकर कुजतो. चिकटवून उपयोग नाही, कारण ज्याला चिकटवायचं तेच उरलेलं नसतं. तुमच्या माळ्यावर जुने बूट असतील तर घरीच तळ दोन्ही हातांनी वाकवून, अंगठ्याने दाबून पाहा. चीर दिसली किंवा पावडर सुटली तर तिथेच सोडा. हेच मला कळसूबाईच्या शिडीवर झालं असतं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दिवाळीत नऊ दिवस काही झालं नाही. फराळ, पाहुणे, भाऊबीज. मला त्याची खंत नाही, पण नोंद करते: नऊ दिवसांच्या खंडानंतर पर्वतीला पुन्हा धाप लागली, मात्र मांड्या दुखल्या नाहीत. दम लवकर जातो आणि लवकर येतो. पायाची ताकद सावकाश येते आणि टिकते.

काल नवे बूट घेतले, २,६०० रुपये. संध्याकाळी सातला गेले, कारण दिवसभराने पाय थोडे सुजतात आणि डोंगरावरही सुजणार. जाड मोजे घरून घालून गेले. रोजच्या चपलेपेक्षा एक नंबर मोठा बसला. दुकानात उताराची लाकडी फळी होती. तिच्यावर खाली तोंड करून उभी राहिले आणि टाच आपटली. बोटं पुढे टेकली नाहीत, तेव्हा घेतले. सपाट फरशीवर चालून बूट कळत नाही.

ताईंना नवे नको होते. त्यांचे मागच्या वर्षीचे चालायचे बूट आहेत, तळ तपासला, पक्का आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

ताईंच्या डाव्या अंगठ्याचं नख निळं पडलं. सिंहगड उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला नख आपटतं, दीड तास. बूट त्यांच्या मापाचा बरोबर होता, म्हणूनच. नवा घ्यायला त्या तयार नाहीत, म्हणून दोन गोष्टी केल्या.

एक, नखं आदल्या दिवशी नव्हे, तीन दिवस आधी सरळ कापायची. दुसरी, लेस बांधायची पद्धत बदलली. घोट्याजवळ जे सगळ्यांत वरचं भोक असतं, जे आपण नेहमी रिकामं सोडतो, त्यातून लेस त्याच बाजूला आत घालून लहान फास करायचा. दोन्ही बाजूंना असे दोन फास. मग डाव्या लेसचं टोक उजव्या फासातून, उजवीचं डाव्यातून, आणि खाली ओढून गाठ. टाच मागे घट्ट बसते, पाऊल पुढे जात नाही. चढताना हे थोडं सैल, उतरायच्या आधी बसून पुन्हा घट्ट. ताईंनी घरातल्या जिन्यावर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही कुणी सांगितलं?"

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सात वाजता रांगेत, पावणेआठला बोटाला शाई, सव्वानऊला आतकरवाडी.

हिशोब असा केला होता. सिंहगडाची चढण साधारण सहाशे मीटर. बारीतून कळसूबाई त्याच्या जवळपास दीडपट. म्हणून पुणे दरवाज्यापर्यंत जायचं, अर्ध्या वाटेपर्यंत खाली यायचं आणि पुन्हा वर. एकदाच दीडपट करून पाहायचं, म्हणजे त्या दिवशी अंगाला ते नवं नसेल.

पहिली चढाई एक तास तीस मिनिटं. महिन्यात पस्तीस मिनिटं कमी झाली. अर्धं उतरून परत वर जायला ५५ मिनिटं. दुसऱ्यांदा वर जाणं मनाला फार कठीण. पाय चालतात, मन म्हणतं एकदा झालं ना. ताई काहीच बोलत नव्हत्या, त्यावरून कळलं की दमल्या आहेत.

शेवटच्या उतारावर त्यांचा डावा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. "काही नाही, चल." मी दोनदा विचारलं, दोनदा हेच. खाली आल्यावर रिक्षात बसताना त्यांनी पाय हाताने उचलून आत घेतला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

दीडपट एकदम केली ही घाई झाली. सव्वापट, मग दीडपट, असं पंधरा दिवसांत विभागायला हवं होतं. माझ्या हिशोबात मी माझं वय धरलं, ताईंचं नाही.

फिजिओकडे गेलो, वेळेला ६००. गुडघ्यात बिघाड नाही, मांडी आणि कमरेच्या बाजूचा स्नायू कमी पडतो म्हणून गुडघा आत वळतो. दहा दिवस डोंगर बंद, सपाट चालणं चालू. आणि एक व्यायाम, ज्याने सगळ्यांत जास्त फरक पडला.

आपला जेवायला बसायचा लाकडी पाट. भिंतीपाशी ठेवायचा, एक बोट भिंतीला. डावा पाय पाटावर, उजवा हवेत पुढे. मग डावा गुडघा वाकवत उजवी टाच जमिनीकडे न्यायची, मनात पाच आकडे मोजत, आणि टाच जमिनीला फक्त लागली की परत वर. वजन जमिनीवर टाकायचं नाही. गुडघा आत पडता कामा नये, तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. पहिल्या दिवशी ताईंची टाच धप्पकन पडायची, पाचापर्यंत मोजताच येत नव्हतं. मी समोर खाली बसून गुडघ्यावर नजर ठेवायचे, आत पडला की "ताई, बाहेर" म्हणायचे. दहा-दहाचे तीन फेरे, दिवसाआड. आठवड्याने पाटाखाली दुसरा पाट.

ताईंनी ४५० रुपयांचा गुडघ्याचा पट्टाही घेतला. फिजिओ म्हणाल्या की हवा तर घाला, पण त्याने स्नायूचं काम होत नाही.

रविवार, १ डिसेंबर

पुण्याहून जाणारे गट शनिवारी रात्री अकराला निघतात आणि पहाटे बारीत पोचतात. म्हणजे न झोपता चढायचं. याची तयारी कुणी करत नाही, म्हणून आज मी एकटीने करून पाहिली. काल रात्री एकपर्यंत मुद्दाम जागी राहिले, साडेतीनला उठले, हेडटॉर्च लावून पावणेसहाला आतकरवाडी. (ह्यांनी गाडीने सोडलं आणि खाली थांबले.)

तीन गोष्टी कळल्या. कमी झोपेवर भूक लागत नाही, पण खाल्लं नाही तर तासाभरात पाय रिकामे होतात. निघण्यापूर्वी केळं आणि चार घास पोहे जबरदस्तीने खायचे. दुसरं, हेडटॉर्चचा उजेड थेट समोर पडला तर दगडाची उंची कळत नाही, सगळं सपाट दिसतं. किंचित खाली वळवून दोन पावलं पुढे टाकायचा. तिसरं, सुती टी-शर्ट. चढताना भिजला आणि पुणे दरवाज्यात वाऱ्यात उभी राहिले तर दात वाजायला लागले. डिसेंबरात १६४६ मीटरवर हे चालणार नाही. मुलाचा खेळायचा पॉलिस्टरचा टी-शर्ट घेतला आणि एक सुका सुती सॅकमध्ये, वर पोचल्यावर बदलायला.

रविवार, ८ डिसेंबर

ताई अठरा दिवसांनी चढल्या. फक्त पर्वती, चार फेऱ्या, दोन्ही हातांत काठ्या. गुडघा गप्प राहिला. काठ्यांची जोडी १,५०० रुपयांना घेतली. उतरताना काठी लांब करून पायाच्या आधी खाली टेकवायची, मग पाऊल. चढताना आखूड.

संध्याकाळी सॅक भरून वजन केलं. माझी ६ किलो ८०० ग्रॅम. काय काढलं: दुसरी जॅकेट, छत्री, स्टीलचा डबा, पॉवरबँक, चिवड्याची मोठी पिशवी, अर्धं औषधांचं कपाट. उरली ४ किलो ९००, त्यात तीन किलो नुसतं पाणी. पाणी कमी केलं नाही.

ताईंच्या सॅकमध्ये खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ. नारळ सोलून, शेंडी ठेवून, ५०० ग्रॅम. मी म्हटलं, माझ्याकडे द्या. "नाही. हा मीच नेणार." त्यांची पाण्याची एक बाटली मी घेतली.

सोमवार, १६ डिसेंबर

कालचा दिवस आज लिहिते.

शनिवारी दत्तजयंती होती, रात्री अकराला बस. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. ताईंना बस लागते, त्या पुढच्या सीटवर, तोंडात आवळासुपारी. अकोले आलं तेव्हा त्या जाग्या होत्या आणि खिडकीला कपाळ लावून बाहेर पाहत होत्या. मी काही विचारलं नाही.

साडेचारला बारी. थंडी अशी की बसमधून उतरल्यावर बोलताना तोंडातून वाफ. ज्यांच्या घरी नाष्टा होता त्या मावशींनी चुलीपाशी बसवलं. पोहे आणि चहा घेता घेता त्यांनी कळसूची गोष्ट सांगितली. ती एका घरी कामाला राहिली, अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरच्यांनी अट मोडली आणि ती उठून डोंगरावर गेली ती परत आलीच नाही. ताई म्हणाल्या, "आई अशीच सांगायची."

पावणेसहाला निघालो. पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला अजून होता, टॉर्च फारशी लागलीच नाही. निघण्यापूर्वी लीडरदादांनी एक काम केलं, ज्याने आमचा दिवस झाला. त्यांनी ताईंना रांगेत दुसऱ्या क्रमांकावर, थेट आपल्या मागे घेतलं. "काकू, तुम्ही ज्या वेगाने चालाल त्या वेगाने सगळे चालणार." सावकाश चालणारा माणूस मागे राहिला की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचतो तेव्हा निघतात, म्हणजे त्याला विश्रांती कधीच मिळत नाही. पुढे ठेवलं की हा प्रश्न येत नाही. तुमच्या गटात हे होत नसेल तर स्वतः मागून घ्या.

शेतं, ओढा, छोटं देऊळ, मग चढण. पहिल्या शिडीशी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. माझी चूक इथे झाली: हातमोजे आणले नव्हते. लोखंडी कठडा इतका गार की बोटांना पकड समजेना. सॅकमधले जादाचे मोजे हातात चढवले, पण लोकरीचे मोजे लोखंडावर घसरतात, म्हणून काढून टाकले आणि हात काखेत घालून गरम करत चढले. बागकामाचे रबरी तळव्याचे हातमोजे स्वस्तात मिळतात, तेच आणा.

शेवटच्या शिडीपाशी वीस मिनिटं थांबावं लागलं. रविवार, चार-पाच गट एकाच वेळी आलेले. वाऱ्यात उभं राहून घाम गार पडतो, तेव्हा जॅकेट रांगेत उभं राहण्यापूर्वीच चढवायचं.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी माथा. छोटंसं देऊळ, आत एका वेळी दोन-चार माणसं. खाली भंडारदऱ्याचं पाणी, एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने. आमच्या मागच्या मुलांनी ताईंना आधी जाऊ दिलं. ताईंनी सॅक उघडली, खण पसरला, तांदूळ, नारळ, हळदकुंकू. हात गारठलेले, कुंकवाची पुडी उघडेना, मी फाडून दिली. त्यांनी ओटी भरली आणि आईचं नाव मोठ्याने घेतलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग कपाळ उंबऱ्याला टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मी बाहेर येऊन उभी राहिले.

साडेदहाला उतरायला लागलो. बसून लेस फास घालून पुन्हा बांधल्या, काठ्या लांब केल्या. शिड्या शिडीकडे तोंड करून उतरायच्या, काठ्या घडी करून सॅकला. खालच्या मुरमाड घसाऱ्यावर ताईंची डावी काठी अचानक आत सरकली, पीळ देऊन घट्ट करायचं कुलूप शिडीनंतर उघडताना अर्धवट राहिलं होतं. त्या बसकण मारून खाली आल्या. तळहात खरचटला, बाकी काही नाही. मागचा लीडर दोन मिनिटांत शेजारी होता. काठी प्रत्येक वेळी उघडली की तिच्यावर पूर्ण भार टाकून एकदा तपासा, मगच पाऊल.

दोन वाजून वीस मिनिटांनी बारी. तीन तास पन्नास मिनिटं उतरण, म्हणजे चढायला लागला जवळपास तेवढाच वेळ. पिठलं, भाकरी, ठेचा, वरणभात. मावशींनी ताईंच्या तळहाताला हळद लावली. नारळाचा प्रसाद त्यांनाच आधी दिला.

मंगळवार, १७ डिसेंबर

दुसरा दिवस, म्हणजे खरी परीक्षा. पतसंस्थेचा जिना सरळ उतरले, कठड्याला हात न लावता. पोटऱ्या जड आहेत, मांड्या नाहीत. ताईंच्या अंगठ्याचं जुनं निळं नख तसंच आहे, नवं एकही नाही.

दोघींचा मिळून खर्च: माझे बूट २,६००, मोज्यांचे चार जोड ७२०, काठ्या १,५००, दोन हेडटॉर्च ९००, गुडघ्याचा पट्टा ४५०, फिजिओच्या तीन भेटी १,८००, बुडालेली आगाऊ रक्कम १,०००, गटाचं शुल्क ३,०००, पीएमपी आणि रिक्षा साधारण १,१००, ओआरएस १३०. एकूण १३,२००. यातला पट्टा टाळता आला असता आणि हजार रुपये नक्कीच. फिजिओकडे पहिल्याच आठवड्यात गेलो असतो तर नोव्हेंबरचे पंधरा दिवस वाचले असते.

बूट माळ्यावर ठेवले नाहीत. दाराशी आहेत, रोज सकाळी तळजाईला घालते. ताईंचा गुडघा आतून थोडा दुखतो आहे, शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा फिजिओची वेळ घेतली आहे. पाट अजून भिंतीपाशीच आहे.